दुखण्याचं दारं आणि झटक्याची तार

माझी आई दोन वर्षं झाली ब्लाउज घालत नाही. घरात ती वडिलांचं जुनं, धुऊन धुऊन पातळ झालेलं बनियन उलटं करून घालते, म्हणजे शिवण बाहेर राहते, आणि त्यावरून पदर घेते. कुणी आलं की आतल्या खोलीत जाते. हे लिहावं की नाही याचा मी बराच विचार केला. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "लिही, पण कुणाचं नाव नको घालू." म्हणून यात नावं नाहीत.

तिला नागीण झाली होती. डाव्या बाजूला, पाठीच्या मणक्यापासून बरगडीवरून छातीच्या खालपर्यंत, वीतभर रुंदीचा फोडांचा पट्टा उठला. आमच्याकडे नागिणीवर गेरू लावतात. चुलती रोज गेरू उगाळून लावायची आणि नागिणीचं तोंड आणि शेपूट जवळ येतंय का ते बघायची. दोन्ही जुळली की माणूस जातं, अशी समजूत आहे. ती जुळली नाहीत. महिन्याभरात खपल्या पडल्या, कातडी कोरडी झाली आणि घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

दुखणं मात्र तिथंच राहिलं. ते चमत्कारिक होतं. तिथं हात घट्ट दाबून धरला तर तिला चालायचं, पण कापड नुसतं घासलं, पंख्याचा वारा लागला, की निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हळूहळू जाईल म्हणाले. मीही तिला तेच म्हणत राहिले. लग्नं, वास्तुशांती, हळदीकुंकू, सगळं तिनं सोडलं, कारण तिथं बनियन घालून जाता येत नाही. मग शेतही सोडलं. तिच्या वाट्याचं खुरपण चुलती करू लागली, आणि दोन बायकांचं काम एकटीनं करता करता चुलतीचं बोलणंही बदललं. "वरनं तर सगळं साफ दिसतंय," ती म्हणायची. त्यात खोटं काहीच नव्हतं. दिसायला सगळं साफच होतं.

आमचं घर येडगावच्या धरणाच्या फुगवट्यापासून जवळ, वस्तीवर आहे. तिन्ही बाजूंना ऊस. बिबट्यामुळे दिवस मावळायच्या आत सगळे घरात असतात, आणि घराला व गोठ्याला मिळून झटक्याच्या तारेचं कुंपण आहे. गोठ्यात बॅटरीवर चालणारं मशीन आहे. ते सेकंदाला एक याप्रमाणे तारेत झटका सोडतं आणि टक, टक असा आवाज करत राहतं. तारेत करंट आहे का हे बघायची आमच्याकडची रीत अशी की हिरव्या गवताची लांब काडी घ्यायची, तिचं टोक तारेला टेकवायचं आणि काडी हळूहळू पुढे सरकवायची. गवतातून झटका सौम्य होऊन हाताला लागतो. जितकी काडी आखूड, तितका तो जोराचा. वडिलांनी हे आम्हा सगळ्यांना शिकवलं होतं. आईलाही.

मी अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे जाणारी मी पहिली. त्यामुळे घरात असं झालंय की जे मला कळत नाही, ते जगात कुणालाच कळत नसणार. मी वर्गात शेवटच्या बाकावर बसून सरांचं अर्धं बोलणं नुसतं उतरवून घेते, हे त्यांना माहीत नाही.

तिसऱ्या वर्षाला सेमिनार असतो. एक विषय निवडायचा, वाचायचा आणि वर्गापुढे इंग्रजीत मांडायचा. सरांच्या यादीत रोबोट, बॅटरी, अँटेना असे विषय होते. त्यातच एक होता: मेंदूला दिलेल्या विजेच्या उत्तेजनानं मज्जारज्जूतले वेदनेचे संदेश कसे दबतात. मी तो का घेतला हे सरांनी विचारलं तेव्हा मी "इंटरेस्टिंग वाटला" म्हणाले. खरं कारण घरी आतल्या खोलीत बसलेलं होतं.

महिनाभर मी वाचत होते. एकेक पान तीन तीनदा. कळलं ते असं. अंगाला काही लागलं की त्याची खबर नसेतून पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूत येते, आणि तिथून वर मेंदूकडे जाते. पण मेंदू नुसता खबर ऐकत बसत नाही. त्याच्या खोल मध्यभागी करड्या रंगाचा एक लहानसा भाग आहे. तिथून खाली एक वाट येते आणि मज्जारज्जूला सांगते की ही खबर आता वर पाठवू नको. त्या भागात बारीक तारेनं हलकी वीज दिली तर हा हुकूम सुटतो, आणि शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य सोडून ती खबर अडवतं. अशी तार बसवलेला उंदीर जागा असतो, खातो, फिरतो, पण चिमटा घेतला तरी पाय ओढून घेत नाही. हे वाचलं त्या दिवशी मी लायब्ररीत बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही.

सर म्हणाले, "सेमिनारच्या आधी घरी कुणाला तरी मराठीत समजावून सांग. त्यांना कळलं तर समज तुलाही कळलंय."

रविवारी दुपारी मी घरी पडवीत सगळ्यांना बसवलं. वडील, चुलती, आणि दाराच्या आतल्या बाजूला आई. मी आवर्तनाचं उदाहरण घेतलं, कारण पाण्याच्या पाळ्या आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतात. म्हटलं, दुखणं म्हणजे कालव्याच्या चारीतून येणारं पाणी समजा. कण्यात एक दारं आहे, पाणी सोडायचं आणि अडवायचं. ते उघडं असलं की पाणी पुढे जातं आणि आपल्याला दुखतं. आणि ते दारं बंद करायचा हुकूम वरच्या ऑफिसातून येतो. ऑफिस म्हणजे मेंदू. खरं तर उदाहरण नीट जुळत नव्हतं. पाणी धरणातून खाली येतं आणि दुखणं खालून वर जातं. पण वडील मान हलवत होते, त्यामुळे मला धीर आला आणि मी बोलत राहिले. ऑफिसला विजेचा हलका झटका दिला की हुकूम सुटतो आणि दारं बंद होतं, असं मी म्हणाले. झटका हाच शब्द मी वापरला. दुसरा मला सुचला नाही.

वडील म्हणाले, "लई भारी. म्हंजे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावल्यावानी."

चुलती लसूण सोलत होती. ती हसली. "म्हंजे घोटाळा कुशीत न्हाईच. ऑफिसात हाय." मग आतल्या दाराकडे बघून म्हणाली, "बाई, आमी दोन वर्सं हेच म्हणतोय तर आमी वाईट. आता तुमच्या पोरीनं पुस्तकातनं सांगितलं."

"काकू, तसं नाही," मी म्हणाले.

"मग कसं?"

मी उत्तर शोधू लागले. नस खरोखर जखमी असते, आणि मेंदू दुखणं कमी करू शकतो याचा अर्थ मेंदूनं ते रचलंय असा होत नाही. आज मला हे एका वाक्यात लिहिता येतं. त्या दिवशी मी "म्हणजे... दोन वेगळ्या गोष्टी आहेत" एवढंच म्हणाले आणि थांबले. चुलतीनं लसणाची सालं सुपात गोळा केली आणि उठली. आतून आईचा काही आवाज आला नाही. मला वाटलं, ती कंटाळून झोपली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कॉलेजला परत जायचं होतं. बॅग भरून मी आईला शोधत गोठ्यामागे गेले. ती कुंपणाजवळ उकिडवी बसली होती. हातात हत्तीगवताची हिरवी काडी होती. काडीचं मधलं पेर तिनं कानशिलाला टेकवलं होतं आणि टोक ती तारेकडे नेत होती. मला आधी वाटलं, करंट बघतेय. मग तिचं डोकं एकदम मागे उडालं आणि ती मातीत बसली.

मी गोठ्यात पळाले आणि मशीन बंद केलं. परत आले तेव्हा ती डोळे मिटून, दोन्ही हात जमिनीला लावून बसली होती. कानशिलाजवळ लाल झालं होतं.

"आई, काय करतेस?"

"थांब जरा. बगू दे कमी व्हतंय का."

मी तिच्याशेजारी खाली बसले. तिनंच डोळे उघडून सांगायला सुरुवात केली, जणू मी काही विसरले होते आणि ती आठवण करून देत होती. पावसाळ्यात गवत कापताना चुकून तारेला हात लागला होता. जोराचा झटका बसला, आणि त्यानंतर घटकाभर कूस गप्प झाली. तेव्हापासून फारच आग झाली की ती इथं येऊन हाताला झटका घेत होती. आधी लांब काडीनं. मग आखूड.

"हाताला दिल्यावर घटकाभरच राहतं," ती म्हणाली. "काल तू सांगितलंस तवा कळलं. ऑफिस वर हाय, आन मी आपली इतके दिस खालीच देतेय."

"आई, तो करंट वेगळा असतो."

"करंट म्हंजे करंट."

"नाही. तिथं केसासारखी तार मेंदूच्या आत, खोल, नेमक्या जागी घालतात. फार हलकी वीज असते. हा झटका वरूनच जातो, बाकी सगळ्याला हिसका देतो. तू बेशुद्ध पडली असतीस. फिट आली असती."

"तुझ्या त्या उंदरांना चाललं."

"त्यांच्या डोक्यात तार आत घातलेली असते."

तिनं हाताची माती झटकली. मग म्हणाली, "मग माझ्याबी आत घाला की. भोक पाडा. तुझी चुलती म्हणती तसं डोक्यातच आसंल, तर डोक्यातनं काढा. पण काढा."

सेमिनार घरी सांगताना माझ्या मनात एकच भीती होती, की त्यांना काही कळणार नाही. आई शब्द न् शब्द लक्ष देऊन ऐकेल आणि त्यावर विश्वास ठेवेल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तिनं वडिलांना सांगू नको म्हणून माझा हात धरला. मी सांगितलं. ते तारेपाशी जाऊन उभे राहिले. "तार बंद ठिवावी म्हणतेस, तर शेजारची कालवड बिबट्यानं गेल्याच आठवड्यात नेली," ते म्हणाले. ते माझ्याशी वाद घालत नव्हते. तार चालू ठेवली तर आतल्या माणसाची काळजी, बंद ठेवली तर बाहेरून येणाऱ्याची. संध्याकाळपर्यंत त्यांनी कुंपणाच्या आत हातभर अंतरावर बांबू रोवले आणि त्यांना मासे धरायची जुनी जाळी बांधली. आई दारात बसून बघत होती. म्हणाली, "आता मला कोंडलंच म्हणा." वडील गाठी मारत राहिले.

मी त्या आठवड्यात कॉलेजला गेले नाही. मैत्रिणीच्या ओळखीनं पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये, फक्त दुखण्यांवर उपचार करणाऱ्या विभागात नंबर लावला. आईनं प्रवासात बनियनवर वडिलांचाच सैल सदरा घातला, वर साडीचा पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. एसटीत खिडकीचा वारा लागू नये म्हणून मी आणि वडील तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. तरी नारायणगाव ते पुणे तिनं डावा हात अंगापासून लांब धरून ठेवला होता.

तिथल्या डॉक्टर बाईंनी कापसाचा बोळा घेतला आणि कुशीवरून अलगद फिरवला. आई कळवळली. मग त्यांनी तिथंच अंगठ्यानं दाबलं. ते तिनं सोसलं. डॉक्टर बाई वडिलांकडे बघून म्हणाल्या, "नागिणीनं नस जखमी केली आहे. हे मनाचं नाही." आईनंही वडिलांकडे बघितलं.

मग ती डॉक्टरांना म्हणाली, "भोक पाडायचं आसंल तर पाडा. माझी तयारी हाय."

त्या हसल्या नाहीत. हे कुणी सांगितलं म्हणून विचारलं, तेव्हा आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी खाली मान घालून सेमिनारचं सांगितलं. झटक्याचंही सांगितलं. डॉक्टरांनी लिहिणं थांबवून आईचं कानशील नीट पाहिलं, प्रकाश टाकून डोळे पाहिले, आणि असं परत करायचं नाही, हे तिला दोनदा सांगितलं. मग म्हणाल्या, मुलीनं सांगितलेली वाट खरी आहे, पण मेंदूत तार घालण्याचं ऑपरेशन फार थोड्या लोकांवर, बाकी सगळे उपाय संपल्यावर करतात. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो, आणि ज्यांना गुण येतो त्यांचाही तो टिकतोच असं नाही. "तुमच्यासाठी ते नाही," त्या म्हणाल्या. "पण वरून खाली येणाऱ्या त्या हुकमाला जोर द्यायला एक गोळी मदत करते. थोडी थोडी वाढवायची. महिना दीड महिना कळणार नाही. धीर धरा."

एवढ्यावर गोष्ट मार्गी लागली असं मला वाटलं. पण परतताना गावातल्या मेडिकलमध्ये गोळ्या घेतल्या तेव्हा दुकानदार पाकीट उलटंसुलटं करून म्हणाला, "ही डिप्रेशनवर देत्यात. कुणाला पायजे?" तो ओळखीचा, सहज बोलला. मागे चारपाच माणसं उभी होती. आईनं पाकीट पिशवीत टाकलं आणि माझ्या आधी दुकानाबाहेर पडली.

मी होस्टेलला गेले. रोज संध्याकाळी फोन करायचे. "घेतली का?" "घेतली." आठवडाभर मी निर्धास्त होते. शनिवारी घरी आल्यावर भिंतीतल्या देवळीत पाकीट दिसलं. एकही गोळी फोडलेली नव्हती.

मला राग आला. आईवर मी कधी ओरडत नाही, तेव्हाही ओरडले नाही. पाकीट तिच्यापुढे धरलं. "तू मला रोज खोटं सांगत होतीस."

"तू न्हाई सांगत?" ती म्हणाली. "दोन वर्सं झाली, जाईल आई, जाईल आई. कुठं गेलं?"

चुलती दारात कांदे निवडत होती. तिचा हात थांबला.

मी आईसमोर बसले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मी जे बोलणार होते ते ऐकून ती जाळी फाडून तारेकडे जाईल असं वाटत होतं. म्हणाले, "आई, पूर्ण जाईल असं मला वाटत नाही. डॉक्टरही तसं म्हणाल्या नाहीत. गोळीनं निम्मं झालं तरी चांगलं समजायचं. कदाचित निम्मंही नाही होणार."

"निम्मं म्हंजे किती?"

"मला माहीत नाही."

"तुला तरी म्हाईत पायजे व्हतं."

"नाही माहीत. खरंच नाही."

तिनं पाकीट हातात घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मी तिला काही मोठं आश्वासन दिलं नव्हतं. पुढे तिनं जे केलं ते त्यामुळेच केलं का, हे मला अजून नक्की सांगता येत नाही. तिनं पाणी मागितलं.

"कसली गोळी हाय?" चुलतीनं विचारलं.

"डोक्याची," आई म्हणाली, आणि गोळी तोंडात टाकली.

चुलती क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग कांद्याची टोपली बाजूला सारत म्हणाली, "पाणी पुरतं प्या वरनं. घशात चिकटंल."

सेमिनार झाला. मी त्यात पाण्याचं उदाहरण दिलं नाही आणि झटका शब्द वापरला नाही. मार्क बरे मिळाले. घरी कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आता तिसरा महिना आहे. गोळीनं आईचं तोंड कोरडं पडतं, सकाळी उठायला जड जातं. दुखणं आहे. कधी म्हणते थोडं बोथट झालंय, कधी म्हणते तसंच आहे. गेल्या रविवारी ती चुलतीबरोबर कांद्याच्या वाफ्यापर्यंत चालत गेली. अंगात बनियनच होतं. मध्येच वारा सुटला तशी माघारी फिरली. जाळीजवळून येताना तिची नजर कुठं जाते हे मी बघत होते, आणि मी बघतेय हे तिला कळलं.

"जा आता," ती म्हणाली. "एसटी चुकंल तुझी."

मी बॅग उचलली, पण ती घरात जाऊन दार लावेपर्यंत थांबले.